खुब्याचे दुखणे : थांबण्याचाही हिशेब मांडा

‘सध्या गोळ्यांवर भागवू, ऑपरेशनचं पुढं बघू.’ आमच्या दवाखान्यात हे वाक्य दिवसातून दोन-चारदा तरी कानावर येते. कधी रुग्ण म्हणतो, कधी त्याचे नातेवाईक म्हणतात आणि खरे सांगायचे तर कित्येकदा मी स्वतःच म्हणतो. पुष्कळ दुखण्यांत हे वाक्य शहाणपणाचेही असते. पण खुब्याचा सांधा झपाट्याने बिघडत असेल, तर हेच वाक्य फार महागात पडते. आजचा लेख त्याविषयी आहे, आणि त्याची सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

आमच्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत. वय त्या वेळी छप्पन्न. २०२२ च्या उन्हाळ्यात त्या उजवा गुडघा दुखतो म्हणून आल्या. गुडघ्याचा एक्स-रे काढला. त्या वयात दिसते तेवढी झीज दिसली. मी गोळ्या दिल्या, गुडघ्याला पट्टा दिला, शेक घ्यायला सांगितले. दर महिन्याला त्या येत, ‘थोडं कमी आहे’ म्हणत आणि जात. आठ-नऊ महिने असे चालले. एके दिवशी सहज बोलल्यासारखे म्हणाल्या, ‘डॉक्टर, आता पायाच्या बोटातलं जोडवंसुद्धा मला घालता येत नाही. सून घालून देते.’

तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. त्यांना टेबलावर झोपवले, गुडघ्यात पाय दुमडून मांडी आत-बाहेर वळवून पाहिली. मांडी वळेचना. जांघेत कळ आली आणि मावशी ओरडल्या. दुखणे गुडघ्याचे नव्हतेच. ते खुब्याचे होते! खुब्याची कळ मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरते, हे आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते. पण रुग्णाने गुडघ्यावर हात ठेवला की आम्हीही गुडघाच पाहत बसतो.

दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढला. सुदैवाने मावशींच्या मुलाने एक जुनी फिल्म जपून ठेवली होती. २०२२ च्या फेब्रुवारीत त्या न्हाणीघरात घसरून पडल्या, तेव्हाची. दोन्ही फिल्म शेजारी शेजारी धरून उजेडात पाहिल्या. जुन्या फिल्ममध्ये मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची खोबण यांच्यामध्ये चांगली मोकळी जागा होती. मार्च २०२३ च्या फिल्ममध्ये ती जागा नव्हतीच. हाडावर हाड टेकले होते. साधारण एका वर्षात पंधरा-वीस वर्षांची झीज!

झीज संथ आणि झीज झपाट्याची

खुबा हा उखळीचा सांधा आहे. गोळा आणि खोबण यांच्यावर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, म्हणून तिथे मोकळी फट दिसते. निरोगी माणसात ती साधारण तीन ते पाच मिलिमीटर असते. वयोमानाने होणाऱ्या नेहमीच्या संधिवातात ही फट अनेक वर्षे घेत हळूहळू कमी होते. अशा रुग्णाला थांबायला खरोखरच वेळ असतो. वजन आटोक्यात ठेवणे, मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंचे व्यायाम, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी, गरजेपुरती वेदनाशामके, एवढ्यावर कित्येकांची वर्षेच्या वर्षे निभावतात. सगळ्यांनी उठून ऑपरेशन करून घ्यावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही.

पण काही थोड्या जणांत सांधा संथ गतीने झिजत नाही, तो कोसळतो. वर्षभरात दोन मिलिमीटरहून अधिक किंवा निम्म्याहून अधिक फट नाहीशी झाली, तर त्याला झपाट्याने सांधा खाणारा संधिवात म्हणतात. फ्रान्समधील पोस्टेल आणि केरबुल यांनी १९७० साली त्याचे सविस्तर वर्णन केले. तो का होतो, हे आजही पुरते उलगडलेले नाही.

याच्याच जोडीचा, आणि आपल्याकडे त्याहून कितीतरी अधिक दिसणारा, दुसरा प्रकार म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरणे. हा रोग तिशी-चाळिशीच्या कमावत्या माणसाला गाठतो. दारूचे व्यसन, दीर्घकाळ किंवा मोठ्या प्रमाणात घेतलेले स्टेरॉइड, मांडीच्या हाडाच्या मानेचे जुने फ्रॅक्चर, आणि विदर्भात व नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचा आजार ही त्याची ठळक कारणे. कोविडच्या काळात स्टेरॉइडने असंख्य प्राण वाचवले. परंतु त्यानंतर काहींच्या खुब्यांत हा दोष दिसल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. सांधेदुखीवर हमखास इलाज म्हणून बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो तो त्यामुळेच. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेले स्टेरॉइड कुणी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. तेही जिवावर बेतू शकते.

या रोगात वेळेला सोन्याचे मोल आहे. सुरुवातीला साधा एक्स-रे स्वच्छ येतो; दोष फक्त एमआरआयवर दिसतो. गोळा अजून गोल असेल तोवर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची छोटी शस्त्रक्रिया करून मूळचा सांधा वाचवण्याची संधी असते. गोळा एकदा चेपला की ती संधी गेली. आमवात आणि कण्याला ताठ करणारा स्पाँडिलायटिस यांतही तरुण वयात खुबे निकामी होऊ शकतात. आज त्यावर चांगली औषधे आहेत. ती लवकर आणि नियमित घेतली तर पुष्कळांचे सांधे वाचतात.

आणखी एक सावधगिरी सांगायलाच हवी. आपल्या देशात खुबा झपाट्याने खराब होताना दिसला, की आधी क्षय आणि पू होणारा जंतुसंसर्ग नाही ना, याची खात्री करावी लागते. बारीक ताप, वजन घटणे, रात्रीची कळ ही लक्षणे असतील तर रक्ताच्या तपासण्या आणि गरज पडल्यास सांध्यातील पाण्याची तपासणी टाळू नये. जंतुसंसर्ग ओळखला न जाता सांधा बदलला तर अनर्थ होतो.

‘साठीआधी नको’ हे कुठून आले?

मावशींना मी जिल्ह्याच्या ठिकाणी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी तपासण्या करून स्पष्ट सांगितले, सांधा बदलावा लागेल आणि फार थांबू नका. पण घरी सल्लागारांची काय कमतरता! कुणी म्हणाले, ‘साठी झाल्याशिवाय खुबा बदलत नसतात.’ कुणी म्हणाले, ‘दहा वर्षांत तो प्लास्टिकचा सांधा निकामी होतो, मग पुन्हा कापाकापी.’ मुलाने मला विचारले. आणि इथे माझी दुसरी चूक झाली. मी म्हणालो, ‘घाई नको, धाकटीचं लग्न उरकून घ्या.’

हा साठीचा नियम हवेतून आलेला नाही. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी आजच्या खुबाबदल शस्त्रक्रियेचा पाया घातला. त्यांनी आधी खोबणीसाठी टेफ्लॉन वापरले. ते इतक्या लवकर झिजले, की बहुतेक रुग्णांची पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली. १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांनी पॉलिथिलीनची वाटी वापरायला सुरुवात केली, आणि ती टिकली. तरीही पॉलिथिलीनही झिजतेच. जितकी चाल जास्त तितकी झीज जास्त. म्हणून धावपळ करणाऱ्या तरुणाला ‘जमेल तितके थांब’ सांगणे त्या काळी योग्यच होते.

परंतु साहित्य बदलले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अधिक टणक, कमी झिजणारे पॉलिथिलीन वापरात आले. सिरॅमिकचे गोळे आले. सिमेंटशिवाय हाडात रुजणारे सांधे आले. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड येथे प्रत्येक कृत्रिम सांध्याची राष्ट्रीय नोंद ठेवतात. त्या नोंदींचा २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आढावा प्रसिद्ध झाला. बदललेल्या शंभर खुब्यांपैकी सुमारे ८९ पंधरा वर्षांनंतरही शाबूत होते, आणि सुमारे ५८ पंचवीस वर्षांनंतरही. हे आकडे जुन्या काळी बसवलेल्या सांध्यांचे आहेत, हे ध्यानात घ्यावे. तेव्हा ‘दहा वर्षांत संपतो’ ही भीती आता जुनी झाली. तिशीतल्या रुग्णाला आयुष्यात पुन्हा एकदा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता मोठी आहे, हे खरे. ते त्याला आधीच सांगायला हवे. पण त्यासाठी त्याच्या उमेदीची वर्षे अंथरुणात घालवणे हा हिशेब मला पटत नाही.

माझ्याकडे येणारा एक ट्रकचालक याचे उदाहरण आहे. छत्तिसाव्या वर्षी दोन्ही खुब्यांचे गोळे चेपले. ‘चाळिशीआधी हात लावू नका’ असे त्याला कुणीतरी सांगितले होते. चार वर्षे तो कुबड्यांवर बसून राहिला. गाडी विकली, मुलीची शाळा सुटता सुटता राहिली, आणि ज्या दारूने खुबे गेले तीच दारू दुखणे विसरायला वाढली. त्या चार वर्षांत त्याच्या घराची जी झीज झाली, ती कोणत्याच एक्स-रेमध्ये दिसत नाही.

थांबल्याने काय जाते?

मावशींच्या धाकटीचे लग्न मे महिन्यात झाले. पुढे आषाढ आला, मग पितृपंधरवडा, मग दिवाळी. शस्त्रक्रिया झाली ती २०२४ च्या फेब्रुवारीत. तोवर गोळा झिजून चपटा झाला होता आणि खोबणीची मागची भिंत खचली होती. पाय जवळजवळ एक इंचाने आखूड झाला होता. जे काम सरळ व्हायचे, त्यासाठी खोबणीत हाडाची भर घालावी लागली, रक्त जास्त द्यावे लागले, खर्च वाढला.

यात नवल काही नाही. सांधा दुखतो म्हणून माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की कुल्ल्याचे स्नायू वाळतात, सांधा वाकडाच आखडतो. लंगडण्याने कंबर धरते, दुसऱ्या पायाचा गुडघा जातो. वेदनाशामकांनी पोट आणि मूत्रपिंड बिघडते. माँट्रियल आणि बोस्टन येथील रुग्णांच्या पाहणीत १९९९ साली असे आढळले, की जे शस्त्रक्रियेआधीच फार पांगळे झाले होते, ते शस्त्रक्रियेनंतरही इतरांच्या बरोबरीला येऊ शकले नाहीत. २००२ साली त्याच पाहणीचा पुढचा भाग आला. दोन वर्षांनंतरही तो फरक भरून निघाला नव्हता. वेदना जाते, पण गमावलेली ताकद सगळी परत येत नाही.

२०२३ साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञ आणि सांधेबदल शल्यचिकित्सक यांच्या संघटनांनी एकत्र बसून नेमका हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. ज्यांचा सांधा एक्स-रेवर बऱ्यापैकी खराब आहे, दुखणे आणि अडचण मोठी आहे आणि इतर उपाय करून झाले आहेत, त्यांना आणखी तीन महिने व्यायाम, गोळ्या किंवा इंजेक्शने देऊन थांबवू नये, अशी त्यांची शिफारस आहे. ‘अमुक किलो वजन उतरवल्याशिवाय ऑपरेशन नाही’ अशी अटही घालू नये, असे ते म्हणतात. दोनच गोष्टींसाठी थांबा म्हणतात : मधुमेह आटोक्यात नसेल तर तो आटोक्यात आणण्यासाठी, आणि तंबाखू सोडण्यासाठी. या शिफारशी सक्तीच्या नाहीत; डॉक्टर व रुग्ण यांनी मिळून निर्णय घ्यावा, हेच त्यांचे सूत्र आहे. आपल्याकडे तंबाखू म्हणताना मिश्रीही धरावी. मावशींची मिश्री सोडवायला मला ऑपरेशनच्या संमतीपेक्षा जास्त वेळ लागला!

भीती आणि संशय

लोक थांबतात ते केवळ अज्ञानाने नव्हे. भीती असते, आणि डॉक्टरांविषयी संशयही असतो. ‘कट’ची पद्धत आमच्या व्यवसायात नाही, असे छातीठोकपणे मी सांगू शकत नाही. तेव्हा संशय घेणाऱ्यावर मी रागावत नाही. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्या. मात्र ते पंधरा दिवसांत घ्या, वर्ष लावू नका. कृत्रिम सांध्यांतही सगळे काही सोन्याचे नाही. धातूवर धातू घासणारा ‘एएसआर’ नावाचा खुबा २०१० साली डीप्यू कंपनीला जगभरातून परत घ्यावा लागला. भारतातील रुग्णांनाही त्याची झळ पोचली. म्हणून ‘नवीन आहे, महाग आहे’ एवढ्यावर भुलू नका. कोणता सांधा बसवणार, तो किती वर्षे वापरात आहे, हे विचारा आणि त्याचे स्टिकर असलेला कागद जपून ठेवा.

शस्त्रक्रियेचे धोकेही ऐकून घ्या. शंभरात एखाद्याला जंतुसंसर्ग होतो, आणि तो झाला तर फार छळतो. काहींचा सांधा निखळतो. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून आधी किडलेले दात, लघवीचा संसर्ग, पायावरच्या जखमा यांचा बंदोबस्त करावा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्याआधीच्या तीन महिन्यांत त्या सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नये.

पैशाची काळजी खोटी नाही. २०१७ साली केंद्र सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आणली ती गुडघ्यासाठी, खुब्यासाठी नव्हे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये आपल्या दुखण्याचा समावेश होतो का, कोणत्या रुग्णालयात होतो, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड घेऊन विचारावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही ही शस्त्रक्रिया होते. तिथे यादी लांब असते, म्हणून तर नाव लवकर घालावे.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. पुढचे सहा आठवडे ते तीन महिने व्यायामाचे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. उकिडवे बसणे, मांडी घालणे, पायावर पाय टाकणे याला आपले सर्जन हो म्हणेपर्यंत सुटी. घरात कमोडची आणि उंच खुर्चीची सोय शस्त्रक्रियेआधीच करून ठेवावी. आल्यावर गवंडी शोधत बसू नये.

वाचकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना

वाचकहो, जांघेत दुखत असेल, चप्पल किंवा पायमोजा घालताना, पायाची नखे कापताना अडत असेल, लंगडत असाल, तर ‘माझा खुबा तपासा’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये काही विशेष दिसले नाही आणि दुखणे मात्र वाढतेच आहे, तर दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढून घ्या. काढलेली फिल्म फेकू नका, तारीख टाकून गादीखाली सपाट ठेवा. नुसता मोबाइलवरचा फोटो पुरत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा काढलेली फिल्म तिच्याशेजारी धरली, की सांधा चालत चालला आहे की धावत, हे कळते. चालत असेल तर निवांत विचार करा. धावत असेल तर लग्नकार्याच्या आधी सांध्याचे बघा.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती आहे. ‘थांबा’ हा सल्लाही औषधासारखाच आहे. औषध देताना आपण मात्रा सांगतो, किती दिवस घ्यायचे ते सांगतो. ‘थांबा’ म्हणतानाही किती थांबायचे, पुन्हा कधी यायचे, काय झाले तर लगेच यायचे, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. मी मावशींना ते लिहून दिले नव्हते.

मावशी आता बाजारात येतात. पूर्वी पोत्यावर बसत, आता उंच स्टुलावर बसतात. हातात काठी आहे आणि उजव्या चपलेला अर्ध्या इंचाचा जास्तीचा तळ आहे. परवा भाजी घेताना मी तब्येत विचारली. म्हणाल्या, ‘झोप लागते बघा आता रात्रभर. पण डॉक्टर, हे आदल्या वर्षी केलं असतं तर काठी लागली नसती का?’ मी म्हणालो, ‘बहुतेक नसती लागली, मावशी.’ त्या काही बोलल्या नाहीत. नेहमीप्रमाणे कोथिंबिरीची जुडी वर टाकली आणि पैसे घेतले नाहीत. ती जुडी घेऊन घरी येताना हा लेख लिहायचे ठरवले.